नोकरी सांभाळून एक्स-रे
दिवसभर दवाखान्यात ट्रॉल्या ढकलायच्या, संध्याकाळी क्लासला बसून किलोव्होल्ट आणि मिलिअँपिअरची गणितं सोडवायची, शनिवार-रविवारी प्रॅक्टिकल. नोकरी सांभाळून रेडिओग्राफी शिकणाऱ्या पोरांबद्दल मला आदर आहे. त्यांना नुसतं सर्टिफिकेट विकणाऱ्यांबद्दल काडीचाही नाही. अंतर दुप्पट केलं की किरणांची तीव्रता चौथाईवर येते, हे फळ्यावर कळतं. पण छातीचा एक्स-रे काढताना पेशंटचे खांदे पुढे वळवून घेतले नाहीत, तर खांद्याची पाती फुप्फुसांवर येतात. आणि धाप लागलेल्या आजोबांकडून ‘श्वास घ्या, रोखून धरा’ हे करवून घेणं त्यांच्यासमोर उभं राहिल्याशिवाय जमत नाही. (त्यांना ऐकू कमी येत असेल तर विचारूच नका.) फोटो बिघडला की पुन्हा किरण, तेही पेशंटच्याच अंगावर. किरणांजवळ काम करणाऱ्यांसाठी आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा घातली आहे, छातीवरचा टीएलडी बिल्ला त्याचा हिशेब ठेवतो. पेशंटच्या छातीवर असा बिल्ला नसतो. तेव्हा प्रवेश घेणाऱ्याने फीच्या आधी विचारावं: प्रॅक्टिकल कोणत्या रुग्णालयात, कुणाच्या देखरेखीखाली आणि किती तास?