टीव्ही गेमला उन्हाळा बाधू नये म्हणून

परीक्षा आटोपल्या की नागपुरातल्या घरांत दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. एक कूलर आणि दुसरा मुलांचा टीव्ही गेम. या दोघांचे एकमेकांशी पटत नाही, हे मात्र पुष्कळ घरांत ठाऊक नसते. म्हणून या वेळी आम्ही या खेळण्याच्या निगेबद्दल लिहीत आहोत.

खेळणे म्हटले तरी ते स्वस्त नाही. प्लेस्टेशन ५ हा गेम २०२१ च्या फेब्रुवारीत भारतात आला, तेव्हा डिस्क चालणाऱ्या नगाची किंमत ४९,९९० रुपये होती. हप्त्याने घेतलेली वस्तू हप्ते फिटण्याआधीच बंद पडली, तर सगळ्या घराच्या जिवाला लागते.

कंपनीच्या माहितीपत्रकाप्रमाणे हा गेम ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात चालवावयाचा असतो. आपल्या नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत भर दुपारी ३५ अंश कुठून राहणार? तेव्हा उन्हाळ्यात खेळ सकाळी नाहीतर सूर्य कलल्यावर असावा, दुपारी यंत्राला विश्रांती द्यावी. मुलांच्या डोळ्यांनाही ती हवीच असते.

गेम थंड राहावा म्हणून काहीजण तो कूलरच्या झोताच्या तोंडाशीच मांडतात. हे करू नये. कूलरची हवा ओली असते. यंत्राच्या आतला पंखा ती ओढून घेतो, मग आत बसलेली धूळ ओली होऊन चिकटते आणि धातूच्या भागांना गंज चढू शकतो. कूलर खोलीत खुशाल चालू द्या, पण झोत दुसरीकडे वळवा आणि एक खिडकी उघडी ठेवा. पावसाळा लागला की हवेतच ओल असते, तेव्हा तर अधिकच जपावे.

शोकेसच्या बंद कप्प्यात गेम कोंडू नये. भोवती वीतभर जागा मोकळी सोडावी. विणलेला रुमाल हौसेने जरूर घालावा, पण यंत्र बंद करून पूर्ण निवल्यावरच. महिन्यातून एकदा प्लग काढून जाळ्यांवरची धूळ मऊ ब्रशने झाडावी किंवा व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावी. ओले फडके लावू नये. उबेला झुरळे येतात, म्हणून जवळ बसून खाणे नको आणि सांडलेले लगेच पुसावे.

आता जुन्या गेमविषयी. समुराई, मीडिया, लिटल मास्टर हे नव्वदच्या दशकातले गेम कित्येकांच्या माळ्यावर अजून असतील. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली फॅमिकॉम काढला, त्याच जातीचे हे गेम. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची, ही सर्वांची सवय. पण फुंकरीने दुरुस्ती होत नव्हती. कॅसेट काढून पुन्हा बसवली की तिच्या पट्ट्या नीट टेकत, एवढेच. उलट तोंडातली वाफ पट्ट्यांवर बसून त्या काळ्या पडतात. कानाच्या काडीला थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या पुसाव्यात, पूर्ण वाळू द्याव्यात, मगच कॅसेट लावावी. अॅडॉप्टर हरवला असेल तर हाताला येईल तो लावू नये. व्होल्ट आणि पिनची धन-ऋण बाजू जुळते का, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे.

विजेचेही भान हवे. आकाशात गडगडाट सुरू झाला की नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढावा, केबल आणि इंटरनेटची तारही सोडवावी. नव्या गेमचा दिवा नारिंगी असेल तर यंत्र झोपेत असते, बंद नसते. अशा वेळी प्लग ओढल्यास साठवलेला खेळ बिघडण्याची भीती असते. आधी पडद्यावरून रीतसर बंद करावे, मग प्लग काढावा. वारंवार लाईट जात असेल तर लहान यूपीएस घेतलेला बरा. आणि गेम बिघडला तर घरी उघडू नये, कारण प्लग काढल्यावरही आतल्या वीजपुरवठ्याच्या भागात काही वेळ वीज साचून राहते.

शेवटी एक सांगतो. ही निगा आईच्या कामांत आणखी एक काम म्हणून घालू नका. ज्याने खेळायचे त्याने झाडायचे, असा घरचा नियम करा. मात्र खेळायची पाळी मुलाला आणि धूळ झाडायची मुलीला, असे होऊ देऊ नका. दोघांनाही दोन्ही पाळ्या द्या. यंत्र का तापते, धूळ कुठे बसते, वीज कुठून येते, हे हाताने शिकलेले मूल उद्या घरातली इतर यंत्रेही डोळसपणे हाताळील. घेतलेल्या पैशाचे खरे चीज यातच आहे, असे आम्हांला वाटते.