गाडी बंद पडली की लगेच कार्बोरेटर खोलू नका, आणि सगळं इथेनॉलवरही ढकलू नका

आज पिकाचं नाही, जुन्या पेट्रोल गाडीचं लिहितोय. आपल्या खांडबारा-विसरवाडी भागात ज्यांच्या दारी अजून पद्मिनी किंवा जुनी कार्बोरेटरवाली मारुती ८०० आहे, त्यांच्या कामाचं आहे.

चालता चालता गाडी बंद पडली की गॅरेजवाला एकच बोलतो, कार्बोरेटर गेला, नवीन टाका. आणि हल्ली दुसरं एक वाक्य आलंय, "इथेनॉलचं पेट्रोल आहे भाऊ, असंच होणार." माझं मत असं की ही दोन्ही उत्तरं न बघता दिलेली आहेत.

इंजिनाला ठिणगी पाहिजे आणि पेट्रोल पाहिजे. कोणतं गेलं ते गाडी बंद पडल्या पडल्या बघायचं, चहा पिऊन आल्यावर नाही. कारण कॉइल किंवा कंडेन्सर तापून बसला तरी दहा-पंधरा मिनिटांनी गाडी चालू होते, आणि पेट्रोलची वाफ धरली तरी तसंच होतं. थंड झाल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, मग माणूस भलताच पार्ट बदलतो. म्हणून तेव्हाच प्लगची वायर काढून, जास्तीचा प्लग बॉडीला टेकवून स्टार्टर मारून बघा. पेट्रोल सांडलेलं असेल तर हे अजिबात करू नका. ठिणगी निळी, जोरदार असेल तर पेट्रोलकडे जा. पिवळी, मरतुकडी असेल तर पॉइंट, कंडेन्सर, कॉइल. कार्बोरेटरला हातही लावायचा नाही.

वाफ धरणं हे आपल्याकडचं मोठं दुखणं. मे महिन्यात कोंडाईबारीचा घाट चढून गाडी थांबवली की इंजिनाची धग पेट्रोल पंपाला लागते. पद्मिनीचा पंप इंजिनालाच जोडलेला. आत वाफ झाली की पंप नुसता हवा हलवतो. मुंबईचे टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं ठेवायचे ते याच्यासाठी. (त्या टॅक्सी पण गेल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली होती, २० वर्षं भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून बंद.)

दहा-पंधरा किलोमीटर छान चालून मग बंद पडत असेल तर टाकीचं झाकण उघडा. सुस्स करून हवा आत ओढली आणि गाडी चालू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. सुईनं साफ होतं, खर्च शून्य. फक्त आयडलिंगला बंद पडते आणि रेस दिली की चालते, तर आयडलिंगचा जेट तुंबलाय किंवा कार्बोरेटरखालच्या गॅस्केटमधून हवा जातेय.

आता इथेनॉल. मी ऊस लावतो, मकाही लावतो. आपल्या नवापूर तालुक्यात डोकाऱ्याला साखर कारखाना आहे, उसाचं महत्त्व मला कोणी सांगायला नको. मक्यापासूनही आता इथेनॉल होतं. त्याच्यामुळे शेतमालाला एक गिऱ्हाईक वाढलं, म्हणून मी त्याच्या विरोधात नाही. पण २० टक्क्यांचं लक्ष्य आधी २०३० चं होतं, ते २०२५ वर आणलं, आणि जुन्या गाडीवाल्याला काय करायचं ते कोणी नीट सांगितलं नाही.

इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. म्हणजे त्याच जेटमधून तेवढंच पेट्रोल गेलं तरी मिश्रण पातळ पडतं. नव्या इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर ते सांभाळून घेतो, कार्बोरेटरला डोकं नाही. मग गाडी झटके देते, आयडलिंगला मरते. जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा फुगतो. टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो. आणि इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळाभर गाडी उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाला बसू शकतं, आणि पंप ते तळाचंच ओढतो.

पण यातलं काहीच असाध्य नाही. ब्राझीलमध्ये १९७९ साली फियाट १४७ ही पूर्ण अल्कोहोलवर चालणारी गाडी विकायला आली, तीही कार्बोरेटरवाली. आपली पद्मिनी मूळची फियाटच, तेव्हा नातं लांबचं नाही. त्यांनी गाडी त्या इंधनासाठी तयार करून दिली, एवढाच फरक. आपल्याकडे इंधन बदललं आणि गाडी तशीच राहिली.

माझी मागणी छोटी आहे. कोणत्या जुन्या गाडीला किती नंबरचा जेट, कोणती नळी, कोणता पडदा चालेल, हे मराठीत छापून पंपावर लावा. तालुक्याला निदान एका पंपावर जुन्या गाड्यांसाठी कमी इथेनॉलचं पेट्रोल ठेवा.

तोवर घरी एवढं करा. रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या टाकून घ्या, फिल्टर पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर बदला, आणि जूनमध्ये गाडी उभी करायची असेल तर पेट्रोलची नळी काढून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. नळीचं तोंड बंद करायला विसरू नका.