मुळेच्या माथ्यावर



आमच्या सोनईत मुळेच्या उजव्या कालव्याचे आवर्तन सुटले की बाजारातली उधारी वसूल होऊ लागते. बँकेत पीककर्जाच्या फायली पाहताना हा हिशेब मी पुष्कळ अनुभवला. परंतु हे पाणी जिथून निघते तो डोंगर पासष्टी उलटेपर्यंत पाहिला नव्हता. गेल्या मे महिन्यात नातवाने हट्ट धरला आणि आम्ही हरिश्चंद्रगडाला निघालो.

नवकारशी अकोल्यात पाळून राजूरमार्गे पाचनई गाठली. गड १४२४ मीटर उंच. पाचनईची वाट सोपी म्हणतात. कोणासाठी, ते सांगत नाहीत! गुडघ्यांची समजूत घालीत, कातळाच्या सावलीत बसत वर पोहोचलो, तोवर उकळून गार केलेल्या पाण्याच्या माझ्या दोन्ही बाटल्या रित्या झाल्या होत्या.

हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरालगत सप्ततीर्थ पुष्करिणी आहे. दगडी बांधणी, एका बाजूला ओळीने कोनाडे, मध्ये हिरवट पाणी. चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ याच गडावर रचला. समोर एवढे पाणी आणि माझा घसा कोरडा! नातवाने आपली बाटली पुढे केली. “आजोबा, एक दिवस चालेल,” तो म्हणाला. मी नको म्हटले खरे. पण डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली होती.

जवळच झोपडीत एक बाई पिठलं-भाकरी व सरबत विकत होती. तिला नेम सांगितला. तिने काही न विचारता टाक्यातले पाणी गाळून चुलीवर ठेवले. मी लवकर उतरवा म्हणालो, तर म्हणाली, “बाबा, नीट उकळू द्या. अर्धवट कशाला?” मग पातेले परातीतल्या पाण्यात ठेवून ते निवेपर्यंत ती बोलत राहिली. वर टाक्यांत पाणी असते, खाली गावातल्या विहिरीने मात्र तळ गाठलेला. हंडाभर पाण्यासाठी पहाटे नंबर लावायचा. “पाऊस आमच्याकडं, पाणी तुमच्याकडं,” ती सहज म्हणाली. मुळा याच डोंगरांत उगम पावते आणि राहुरीजवळ बारागाव नांदूरच्या धरणात २६ टीएमसी पाणी साठते, हे आकडे मला पाठ होते. ते सांगण्याचे धाडस झाले नाही.

पन्नासाची नोट दिली. तिने नातवाच्या सरबताचे तेवढे घेतले, बाकीचे परत केले. “पाण्याचं काय घ्यायचं?” पस्तीस वर्षे नोंदी तपासलेल्या माणसाला ही नोंद कोणत्या खात्यात टाकावी ते सुचेना.

सूर्यास्तापूर्वी राजूरला जेवण उरकून रात्री घरी आलो. आपल्या मंडळाची पाणपोई दरवर्षी बाजारपेठेत लागते. यंदा त्या निधीतला काही भाग पाचनईच्या विहिरीचा गाळ काढण्यास द्यावा, असा विषय मी बैठकीत मांडला. दोघांनी “आपल्या गावाचे काय?” असे विचारले, तेही रास्तच. तूर्त आम्ही तिघे पुढच्या रविवारी तिथल्या ग्रामस्थांना भेटणार आहोत. या खेपेस बाटल्या चार नेणार आहे.