बिनकामाचा प्रवास

आमच्या उर्दू शाळेची सहल दर दोन-तीन वर्षांनी विजापूरला जाते. शासनाच्या कागदावर 2014 पासून ते विजयपुरा झालं आहे, पण आम्हा सोलापूरकरांच्या तोंडी अजून विजापूरच. अंतर शंभर किलोमीटर. सकाळी निघालं की रात्री घरी, आणि वर्गणीही पालकांना झेपेल इतकी. शिक्षिका म्हणून मी आजवर चार वेळा गोल घुमट चढले. चौथ्या वेळी सज्जात मुलं एकमेकांना हाका मारत होती आणि भिंत त्या हाका परत देत होती, तेवढ्यात सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "टीचर, तुमारी अम्मी कू बी दिखाए क्या ये?" मी हो म्हणाले. खोटं बोलले.

माझी अम्मी एकसष्ट वर्षांची आहे. जन्म सोलापूरचा, लग्न सोलापुरात, चार लेकरं आणि तीस वर्षं विड्या वळणं. पानं भिजवायची, कापायची, हजाराचा हिशेब पुरा करायचा आणि मधल्या वेळात आम्हाला वाढवायचं. त्याच विड्यांवर माझं बी.एड. झालं. आता थोरला भाऊ पुण्यात, धाकटा दुबईत, बहीण नांदेडला दिलेली आणि मी याच शहरात पण सासरी. घरात अम्मी-अब्बा दोघेच. तिच्या आजवरच्या प्रवासांची यादी मी एकदा तिच्याकडूनच करून घेतली. हैदराबाद, भाचीच्या लग्नासाठी. चार दिवस होती, चारमिनार रिक्षातून दिसला. मिरज, मावशीच्या ऑपरेशनला. लातूर, मय्यतीला. गुलबर्गा, ख्वाजा बंदेनवाजांच्या उरुसाला, दोनदा. आणि पुणे, भाभीच्या दोन बाळंतपणांना. पुण्यात एकूण पाच महिने राहिली. शनिवारवाडा पाहिला का, असं मी विचारलं. ती हसली. म्हणाली, फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे, खिडकीतून एक शाळा दिसते.

या यादीत एकही प्रवास तिचा स्वतःचा नाही. प्रत्येक वेळी कुणाला तरी तिची गरज होती, किंवा कुणासाठी तरी दुआ मागायची होती. आपल्या समाजात बाई घराबाहेर पडते ती बाळंतपणाला, दवाखान्याला, लग्नाला, मय्यतीला आणि दर्ग्याला. सैर हा शब्द आपण तिच्यासाठी वापरतच नाही. गंमत अशी की 1908 साली युरोप पाहून आलेल्या जंजिऱ्याच्या नाझली बेगम यांनी आपल्या उर्दू सफरनाम्याला नाव दिलं 'सैर-ए-यूरोप'. त्या नवाबाच्या बेगम, अम्मी विडी कामगार, तुलना होत नाही हे मला कळतं. पण या शब्दावर हक्क सांगणारी बाई आपल्याच कोकणात होऊन गेली, एवढं तरी आपल्या मुलींना ठाऊक असावं.

अब्बांची यादी मागायची सोयच नाही, ती संपत नाही. जमातीबरोबर चाळीस-चाळीस दिवस, भोपाळचा इज्तेमा, मित्राच्या मुलाची बारात, लूमच्या मालकाबरोबर सुरत, अहमदाबाद. विजापूरला चला म्हटलं तर म्हणाले, "गोल घुमट देखा मैं. तीन बार." म्हणजे प्रश्न मिटला. अब्बांचा मला राग नाही. त्यांनीही उभं आयुष्य लूमच्या खडखडाटात काढलं. पण आपल्याकडे पुरुषाचं फिरणं कुठल्यातरी कामाच्या पोटात आपोआप भागतं आणि बाईचं कामच फक्त भागतं, फिरणं राहून जातं, एवढी नोंद करते.

हा विषय घरात काढला तेव्हा दोन्ही भावांनी मला वेड्यात काढलं. दुबईचा म्हणाला, "मी अम्मीला उमऱ्याला पाठवतोय ना, त्यातच फिरणं पण होईल." हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलं आहे की आता त्याला उत्तर दिलंच पाहिजे. उमरा ही इबादत आहे. अल्लाहच्या घरी जाणाऱ्या माणसाची नियत साफ हवी, असं आपणच मुलांना शिकवतो. मग त्याच सफरीत 'फिरणं पण' उरकून घ्या असं म्हणणं हा इबादतीचाही अपमान आणि फिरण्याचाही. ताईफची थंड हवा सगळ्यांना आवडते, पण परत आल्यावर तिचं नाव जियारत. आनंद झाला असं म्हणायची आपल्याला इतकी लाज का वाटते? कुराणात जमिनीवर फिरून पाहा असं एकापेक्षा जास्त ठिकाणी सांगितलं आहे, आणि तिथे फक्त पुरुषांनी फिरा असं म्हटलेलं नाही. इब्न बतूता 1325 मध्ये एकविसाव्या वर्षी हजला निघाला. हज झाला, आणि हा गृहस्थ पुढे पाव शतकाहून अधिक काळ फिरत राहिला. आपल्या दौलताबादपर्यंत येऊन गेला. त्याच्यावर आपण अभिमानाने धडे शिकवतो. हज झाला, आता घरी चल, असं त्याला कुणी म्हटलं नाही.

मेहरमचा मुद्दा आलाच. 2018 पासून पंचेचाळीस वर्षांवरच्या स्त्रियांना चौघींच्या गटाने मेहरमशिवाय हज कमिटीमार्फत हजला जाता येतं. त्यावर मतभेद आहेत, ते उलमांनी पाहावेत. पण ज्या घरांनी आपल्या बायकांना तसं पाठवलं, त्यांनी तरी महाबळेश्वरचं नाव काढल्यावर शरियत आठवू नये.

पुण्याच्या भावाचं म्हणणं मात्र झटकून टाकता येत नाही. तो म्हणाला, काळ बरा नाही. खरं आहे. 31 जुलै 2023 ला जयपूर-मुंबई गाडीत सुरक्षेसाठी ठेवलेल्या जवानानेच गोळ्या झाडल्या. गेलेल्या चौघांत एक त्याचा वरिष्ठ होता, बाकी तीन मुसलमान प्रवासी. ऑगस्ट 2024 मध्ये इगतपुरीजवळ डब्यातल्या पोरांनी एका म्हाताऱ्या माणसाला डब्यात काय आहे म्हणून मारलं. तो कल्याणला आपल्या मुलीकडे निघाला होता. तो व्हिडिओ अम्मीने पाहिला आहे, मीही पाहिला आहे, आणि त्यानंतर सहलीच्या डब्यात काय न्यायचं याचा विचार मी शिक्षिका म्हणूनही करते. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण भावाला मी एवढंच विचारलं की भाभीच्या बाळंतपणाला अम्मी पुण्याला कशाने आली होती? त्याच गाडीने. बुरखा घालून, दोन बरण्या लोणचं आणि एक पिशवी मेथीचे लाडू घेऊन, एकटी. तेव्हा तुझा जीव खालीवर झाला नाही. आपल्या कामाला येताना गाडी सुरक्षित आणि तिच्या आनंदाला जाताना गाडी धोक्याची, हा कुठला हिशेब? भीती असेल तर सोबत जा. तिकीट काढून द्या, गाडी ठरवून द्या, चौघी मैत्रिणी जमवून द्या. भीती दाखवून आईला घरी बसवणं ही काळजी नाही. आपल्या सोयीला दिलेलं ते काळजीचं नाव आहे.

तो गप्प झाला. पटलं म्हणून गप्प झाला असं मी समजत नाही.

पैशाचं मी थोडक्यात सांगते, कारण तो मुद्दाच लंगडा आहे. ज्या घरात वलिम्याला चार प्रकारचं जेवण होतं, त्या घरात दोन म्हाताऱ्या माणसांचं एस.टी.चं भाडं निघत नाही असं नाही. रेल्वेची सवलत गेली हे खरं. अठ्ठावन्न वर्षांवरच्या बाईला निम्म्या तिकिटात जाता येत होतं, ते मार्च 2020 मध्ये बंद झालं. अम्मीला अठ्ठावन्न पुरी झाली तेव्हा सवलत उरलीच नव्हती. पण मार्च 2023 पासून एस.टी.त सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहे. माझ्या गल्लीतल्या किती अम्मा त्या अर्ध्या तिकिटावर नुसत्या फिरायला गेल्या, हे मी मोजायला बसले. एका हाताची बोटंसुद्धा लागली नाहीत.

शेवटी मीच एका रविवारी तिला घेऊन गेले. अर्धं तिकीट भीमेच्या पुलापर्यंत, म्हणजे आपल्या राज्याच्या हद्दीपर्यंत. पुढे कर्नाटकाचं पूर्ण. यावर अम्मीने कंडक्टरशी वाद घातला. तिला असा वाद घालताना मी बाजाराबाहेर प्रथमच पाहिलं. घुमटात शिरल्यावर तिने आधी फातिहा पढला. मुहम्मद आदिलशाह जाऊन साडेतीनशेच्या वर वर्षं झाली, 1656 ची गोष्ट, पण तिला तो ताजाच. मग जिना. मनोऱ्यातला तो अरुंद, उंच पायऱ्यांचा जिना सात मजले चढतो आणि तिचे गुडघे विडीच्या सुपापुढे मांडी घालून घालून गेलेले. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत ती बसली. "तू जा ऊपर, बोल कुछ तो, मैं यहाँ से सुनती." तिथून ऐकू येत नाही, हे मला माहीत होतं. मी वर गेले आणि तरी बोलले.

खाली बागेत तिने चप्पल काढून गवतावर पाय सोडले आणि दीड तास काही केलं नाही. मी वेळ पाहत होते, तिने एकदाही पाहिली नाही.

घरी आल्यावर शेजारच्या खालांनी विचारलं, कुठे गेला होता माय-लेकी? अम्मी म्हणाली, "जियारत कू." मी तिथेच उभी होते. मी म्हणाले, "नाही खाला, फिरायला गेलो होतो." अम्मी आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही. चारचौघांत मी तिला उघडं पाडलं, असं तिचं म्हणणं होतं, आणि त्यात तिची चूक नाही.

नवव्या दिवशी तिचा फोन आला. नळदुर्गच्या किल्ल्यातला धबधबा पाऊस झाल्यावर किती दिवस राहतो, असं विचारत होती. शेजारच्या खालांनाही यायचं आहे म्हणे. त्याच संध्याकाळी पुण्याहून भावाचाही फोन आला. भाभीचं ऑफिसचं ट्रेनिंग आहे, मुलांना सांभाळायला अम्मीला पंधरा दिवस पाठव. तारखा विचारल्या तर त्याच निघाल्या. मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही.