गोळीची भीती आणि गोळीची चटक

मानसोपचाराच्या गोळ्यांबद्दल आपल्याकडे दोन मतं आहेत आणि बऱ्याचदा ती एकाच घरात नांदतात. पहिलं मत मोठ्यानं सांगितलं जातं: या गोळ्यांची सवय लागते, डोकं बधिर होतं, एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत, म्हणून त्यांच्या वाटेला जाऊच नये. दुसरं मत कुणी बोलून दाखवत नाही, ते वागण्यातून कळतं. झोप येईना, जीव घाबरा झाला, की मेडिकलमधून आणून ठेवलेल्या पट्टीतली अर्धी गोळी घ्यायची. त्यानं काय होतंय! तरुण मुलाला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला ठाम नकार देणाऱ्या घरात आजीच्या उशाशी अल्प्राझोलामची पट्टी वर्षानुवर्षं असते, आणि यात कुणाला विसंगती वाटत नाही. माझं म्हणणं असं की ही भीती आणि ही बेफिकिरी एकाच अज्ञानाची अपत्यं आहेत. ‘टेन्शनची गोळी’ या एका नावाखाली आपण दोन अगदी वेगळ्या औषधांना एकत्र बांधलं आहे. एकाचे दोष दुसऱ्याच्या माथी मारले जातात, आणि भोगतो तो पॅनिक अटॅकचा रुग्ण.

त्याची वाट बहुधा ठरलेली असते. अचानक छाती धडधडू लागते, श्वास पुरेनासा होतो, हातांना मुंग्या येतात, घाम फुटतो आणि आपण आत्ता मरणार अशी खात्रीच पटते. दहाएक मिनिटांत हे सगळं शिगेला पोचतं आणि मग ओसरू लागतं. तोवर नातेवाइकांनी रिक्षा करून त्याला कॅज्युअल्टीत आणलेलं असतं. ईसीजी नॉर्मल येतो. ‘काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका,’ असं सांगून घरी पाठवलं जातं. हृदय तपासायलाच हवं, थायरॉइडही बघायला हवं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘काही झालेलं नाही’ हे खोटं आहे. पंधरा दिवसांनी तेच पुन्हा होतं. मग टू-डी एको, स्ट्रेस टेस्ट, ॲसिडिटीची औषधं. आणि दरम्यान माणूस लोकलनं जाणं सोडतो, लग्नाच्या हॉलमध्ये दाराजवळची खुर्ची धरतो, एकट्यानं घराबाहेर पडेनासा होतो. हृदयाला काही झालेलं नसतं, पण आयुष्य आकसलेलं असतं.

अशा माणसाला मन खंबीर करायला सांगणाऱ्यांचा पक्ष आधी नीट मांडतो. भीती मनात उपजते, तेव्हा ती मनानंच जिंकावी. आपल्या आजोबा-पणजोबांनी दुष्काळ आणि साथी गोळ्यांवाचून सोसल्या. प्राणायाम करावा, नामस्मरण करावं. यातल्या शिस्तीबद्दल मला आदर आहे, आणि सावकाश श्वास घेण्याचा काहींना खरोखर उपयोग होतो. पण पॅनिक अटॅक गाढ झोपेतूनही माणसाला उठवतो. त्या क्षणी मन कशाचाही विचार करत नसतं, तर खंबीर कशाच्या विरोधात व्हायचं? शिवाय कुणी उत्साहानं कपालभाती करायला लावली, तर जलद श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि चक्कर, मुंग्या, घाबरेपणा ही तीच लक्षणं उभी राहू शकतात. आजोबांच्या काळात कुणाला असे झटके येतच नव्हते, हेही खरं नाही. त्यांना बाहेरची बाधा म्हणत, काळजाचा विकार म्हणत, आणि बाई असेल तर नाटक म्हणत.

औषध इथं नेमकं काय करतं, याचा सगळ्यात बोलका पुरावा 1960 च्या आसपासचा आहे. न्यूयॉर्कमधल्या हिलसाइड हॉस्पिटलात डोनाल्ड क्लाइन हे मनोविकारतज्ज्ञ सतत घाबऱ्या होणाऱ्या रुग्णांना इमिप्रामिन हे तेव्हाचं नवं औषध देऊन पाहत होते. काही आठवडे गेले तरी रुग्ण म्हणत होते, फरक नाही. फरक लक्षात आला परिचारिकांच्या. ‘मी मरतोय’ म्हणत वारंवार त्यांच्या टेबलाकडे धाव घेणारा रुग्ण यायचा थांबला होता. अटॅक थांबले होते, ते पुन्हा येतील ही धास्ती मात्र तशीच होती, म्हणून रुग्णाला स्वतःला बरं वाटत नव्हतं. अटॅक आणि अटॅकची धास्ती या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून उमगलं. पुढे 1980 साली अमेरिकी मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात पॅनिक डिसऑर्डरला स्वतंत्र जागा मिळाली. मला या प्रसंगात सगळ्या वादाची किल्ली दिसते. गोळी झटका थांबवू शकते. पण दाराजवळची खुर्ची सोडून मधल्या रांगेत बसायचं धैर्य गोळीत नसतं, ते हळूहळू, सरावानं शिकावं लागतं. आणि झटके थांबल्यावाचून अनेकांना तो सराव सुरूच करता येत नाही.

आता त्या दोन औषधांकडे येतो. एक गट बेंझोडायझेपिनांचा. लिओ स्टर्नबाख यांनी शोधलेलं लिब्रियम 1960 मध्ये बाजारात आलं, 1963 मध्ये व्हॅलियम. आपल्या ओळखीची अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम याच कुळातली. अर्ध्या-पाऊण तासात उतार पडतो, म्हणून ती आवडतात, आणि म्हणूनच ती धोक्याची आहेत. काही आठवडे रोज घेतली की मेंदू त्यांच्याशी जुळवून घेतो; एकदम बंद केली तर झोप उडते, हात थरथरतात, आधीपेक्षा दुप्पट घाबरायला होतं, क्वचित फिटही येते. वयस्करांचा तोल जातो, दारूबरोबर घेतली तर श्वासच मंदावू शकतो. ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीनं 1988 मध्येच ही औषधं दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत असं बजावलं होतं. अमेरिकेनं 2020 मध्ये त्यांच्या माहितीपत्रकावर अवलंबित्वाची ठळक सूचना सक्तीची केली. आपल्याकडे अल्प्राझोलाम आणि डायझेपाम 2014 पासून शेड्युल एच-1 मध्ये आहेत: चिठ्ठीशिवाय विक्री नाही, डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वहीत नोंदवायचं, ती वही तीन वर्षं जपायची. नियम इतका स्पष्ट असताना शेजारणीच्या सांगण्यावरून या गोळ्या घरात येतात, याचा मला राग येतो.

दुसरा गट एसिटालोप्राम, सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन यांचा. यांच्यात झटपट असं काही नाही. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात अस्वस्थता थोडी वाढू शकते. म्हणून जाणता डॉक्टर निम्म्या डोसनं सुरुवात करतो आणि हे आधी सांगतो. सांगितलं नाही तर रुग्ण चौथ्या दिवशी ‘मला उलट झालं’ म्हणून गोळी फेकून देतो. यांचेही दोष आहेत आणि ते लपवणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. मळमळ, कामेच्छा कमी होणं, भावना बोथट झाल्यासारखं वाटणं. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत सुरुवातीला आत्महत्येच्या विचारांवर लक्ष ठेवावं लागतं. एकदम बंद केली की चक्कर येते, डोक्यात विजेसारखे झटके जाणवतात, पॅरॉक्सेटीनमध्ये जास्तच. पण यांची तल्लफ येत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. बरं वाटल्यावर सहा महिने ते वर्षभर चालू ठेवून, मग हळूहळू कमी करत थांबवता येतात.

आणि इथंच आपल्या बाजारानं मोठा घोळ घातला आहे. एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत घालून ती सर्रास विकली आणि लिहिली जाते. पहिले काही आठवडे क्लोनाझेपामचा आधार देणं समजण्यासारखं आहे. पण दोन्ही एकाच गोळीत असली, तर एक चालू ठेवून दुसरं कमी कसं करायचं? रुग्णाला दुसऱ्याच दिवशी बरं वाटतं ते क्लोनाझेपाममुळे. श्रेय जातं गोळीला. वर्षभरानं तो गोळी एकदम सोडतो, हाल होतात ते बहुतेक क्लोनाझेपाम तुटल्यामुळे. दोष येतो मानसोपचाराच्या सगळ्या औषधांवर. ‘सवय लागते’ ही समजूत अशी घरोघरी सिद्ध होते, आणि पुढच्या पिढीतल्या रुग्णाला डॉक्टरकडे जाऊ दिलं जात नाही. डॉक्टरांनी ही जोडगोळी लिहिणं थांबवावं, असं मला अगदी स्पष्टपणे म्हणायचं आहे.

एक सुशिक्षित आक्षेप अलीकडे ऐकू येतो: सेरोटोनिनच्या कमतरतेचा सिद्धान्त 2022 च्या एका मोठ्या आढाव्यात टिकला नाही, मग सेरोटोनिनवर काम करणारी ही दुसऱ्या गटातली औषधं म्हणजे थोतांडच की. तो आढावा नैराश्याच्या कारणाबद्दल होता. औषध का काम करतं याचं स्पष्टीकरण चुकलं म्हणून ते काम करतच नाही असं होत नाही. पॅनिकमध्ये खोट्या गोळीशी तुलना करून केलेल्या चाचण्यांत या औषधांचा गुण दिसलेला आहे.

त्याहून वजनदार आक्षेप मानसोपचारपद्धतींच्या बाजूनं येतो. 2000 साली अमेरिकेत चार केंद्रांतल्या 312 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उपचार थांबवल्यानंतर बोधात्मक वर्तनोपचाराचा लाभ इमिप्रामिनपेक्षा जास्त टिकला. हे मला मान्य आहे. तसा उपचार जवळ मिळत असेल आणि रुग्णाला झेपत असेल, तर आधी तोच घ्यावा. मराठी माणसाला तर हा विचार परका नाही. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती कि. मो. फडक्यांनी मराठीत रुजवली, ठाण्याच्या आयपीएचसारख्या संस्थेनं मानसिक आरोग्याची चर्चा घराघरांत नेली. पण देशात लाख लोकांमागे एकही मनोविकारतज्ज्ञ पुरता नाही, आणि प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ त्याहून दुर्मीळ. हिंगोलीच्या शेतकऱ्याला ‘गोळी नको, थेरपी घ्या’ म्हणणं म्हणजे काहीच घेऊ नका म्हणणं आहे. 14416 या टेलि-मानस क्रमांकावर निदान बोलता येतं, जिल्हा रुग्णालयात औषध मिळू शकतं. तिथं सुरुवात तरी होऊ दे.

आमच्या बाजूचीही एक गोष्ट खटकते. लोकांची भीड मोडावी म्हणून मधुमेहाचा दाखला दिला जातो: तीही रोजची गोळी, हीही रोजची गोळी. हेतू चांगला, पण त्यानं रुग्णाची सगळ्यात मोठी भीती पक्की होते, की हे आता जन्माचं. बहुतेकांसाठी ते तसं नाही. काहींना झटके पुन्हा येतात आणि वर्षानुवर्षं औषध घ्यावं लागतं; त्यांनी ते लाज न बाळगता घ्यावं, जीवनसत्त्वांच्या डबीत लपवून ठेवायची वेळ कुणा सुनेवर येऊ नये. उरलेल्यांना मात्र पहिल्याच भेटीत कळायला हवं, की यातलं कोणतं औषध कोणत्या गटाचं आहे, कोणतं महिन्याभरात थांबणार आहे, कोणतं वर्षभर चालणार आहे आणि ते कोणत्या पायऱ्यांनी कमी होणार आहे. रुग्णानं हे विचारलं तर डॉक्टरांनी रागावू नये. त्याच चिठ्ठीच्या मागं, मराठीत, लिहून द्यावं.