लस पुण्याची, पण हक्क कुणाचा?

कात्रज चौकातून हडपसरची बस धरली की पुढे मांजरी काही फार लांब नाही. तिथल्या सिरम इन्स्टिट्यूटमधून 12 जानेवारी 2021 च्या पहाटे कोविशिल्डचे पहिले ट्रक निघाले. टीव्हीवर ते बघताना आपल्या सगळ्यांच्या मनात एकच आलं, चला, लस तर आपल्याच गावची आहे! पण मे महिन्यात घरातल्या तरुण मुलांसाठी कोविन उघडून बसलो तेव्हा स्लॉट दिसायचा आणि ओटीपी येईपर्यंत भरून जायचा. लस शेजारी बनते म्हणून ती आपल्या दारात येते असं नसतं, हे आपण तेव्हा शिकलो. ती कुणाला आधी मिळणार हे नियमांवर ठरतं. ते नियम करतं कोण, हा प्रश्न आजही तितकाच ताजा आहे.

त्याच काळात दूर आफ्रिकेत काय चाललं होतं ते पाहू. 24 फेब्रुवारी 2021 ला घानाची राजधानी अक्रा इथे 6 लाख डोस उतरले. 'कोवॅक्स' या जागतिक योजनेची परदेशात गेलेली ही पहिली खेप, आणि ती पुण्यात बनलेली. श्रीमंत-गरीब देशांनी एकत्र लस घ्यायची आणि लोकसंख्येच्या हिशोबाने वाटायची, अशी ही योजना होती. 2021 अखेर 200 कोटी डोस द्यायचे ठरले होते. प्रत्यक्षात 100 कोटींचा टप्पाच जानेवारी 2022 मध्ये गाठला गेला.

असं का झालं? एक तर श्रीमंत देशांनी कंपन्यांशी थेट सौदे करून गरजेपेक्षा कितीतरी जास्त डोस आधीच अडवून ठेवले. दुसरं म्हणजे कोवॅक्सची मोठी भिस्त पुण्याच्या या एका कंपनीवर होती. आपल्याकडे दुसरी लाट आली, भारताने निर्यात थांबवली, आणि आफ्रिकेत पहिला डोस घेतलेले लोक दुसऱ्याची वाट पाहत राहिले. कोवॅक्सला भारताकडून पुरवठा पुन्हा सुरू झाला तो नोव्हेंबर 2021 मध्ये.

यात भारताचं चुकलं का? एप्रिल 2021 मध्ये आपण ऑक्सिजन बेडसाठी फोनवर फोन लावत होतो. अशा वेळी कुठलंही सरकार आधी आपल्या माणसांकडे बघणार. पण त्याच महिन्यात अमेरिकेने लसीचा कच्चा माल अडवला म्हणून सिरमचे अदर पूनावाला यांना जाहीर विनंती करावी लागली. तेव्हा आपल्याला तो अन्याय वाटला. घानाच्या माणसाला आपल्याबद्दल तेच वाटलं असेल. देशातही वेगळं नव्हतं. एकाच लसीचा दर केंद्राला 150 रुपये, राज्यांना 300 आणि खासगी हॉस्पिटलला 600. 21 जून 2021 पासून केंद्राने पुन्हा खरेदी हाती घेतली तेव्हा कुठे सरकारी केंद्रांवर सगळ्या प्रौढांना ती मोफत मिळू लागली.

जागतिक आरोग्य संघटना सल्ला देऊ शकते, हुकूम नाही. हे आपल्या समाजाइतकं कुणाला ठाऊक? एप्रिल 2020 मध्ये भारताबद्दलच्या प्रश्नावर संघटनेचे मायकेल रायन यांनी सांगितलं होतं की रुग्णांची धर्मावरून विभागणी करू नका. तरी इथल्या चॅनेलांवर तबलीगी, तबलीगी सुरूच राहिलं. इन्साफ झाला तो 21 ऑगस्ट 2020 ला, मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात. परदेशी जमातींवरचे गुन्हे रद्द करताना कोर्टाने त्यांना बळीचा बकरा बनवल्याचं म्हटलं.

म्हणजे नुसता सल्ला पुरत नाही, बांधील करणारा कायदा लागतो. त्या दिशेने 20 मे 2025 ला जिनिव्हात महामारी करार मंजूर झाला. अमेरिका बाहेर राहिली. 60 देशांनी रीतसर मान्यता दिल्यावर तो लागू होईल. या कराराने जागतिक आरोग्य संघटना आपल्यावर लॉकडाऊन किंवा लसीची सक्ती लादणार, असे मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतात. ते खोटे आहेत. तसा अधिकार संघटनेला नाही, हे करारातच स्पष्ट लिहिलं आहे.

खरी गोष्ट वेगळीच आहे. महामारीत करारात सामील कंपन्यांनी उत्पादनाचा 20 टक्के हिस्सा संघटनेला द्यावा, त्यातला किमान 10 टक्के मोफत आणि बाकी परवडणाऱ्या दरात, असं त्यात आहे. बदल्यात देशांनी विषाणूचे नमुने आणि माहिती लगेच द्यायची. पण हे नेमकं कसं चालणार, याचं परिशिष्ट करार मंजूर झाला तेव्हा बाकीच ठेवलं गेलं. भांडण तिथेच आहे.

हा देवाणघेवाणीचा मुद्दा आपल्याला परका नाही. ताऊन पसरलेल्या गावात जाऊ नये आणि तिथे असाल तर बाहेर पडू नये, ही नबी सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांची हिदायत आपण लहानपणापासून ऐकतो. दुसऱ्यांना वाचवण्यासाठी जो आत थांबतो, त्याचा बाहेरच्यांवर हक तयार होतो. नोव्हेंबर 2021 मध्ये दक्षिण आफ्रिकेने ओमिक्रॉनची खबर प्रामाणिकपणे जगाला दिली. बक्षीस काय मिळालं? देशोदेशींनी त्यांची विमानंच बंद केली. सच्चेपणाची ही शिक्षा असेल तर पुढच्या वेळी कोण तोंड उघडेल?

म्हणून आपल्या खासदारांना विचारायला हवं. या वाटपाच्या भांडणात भारत कुणाच्या बाजूने बोलतो? देशात लस आली तर आधी कुणाला, एकाच दराने का, हे आजच लिहून ठेवणार का? साथ आल्यावर नियम करायला बसलो तर ते ताकदवानच करतात. मांजरीची लस अक्रालाही वेळेवर पोहोचावी आणि कात्रजच्या चाळीतही, हे दोन वेगळे हक नाहीत. एक मागायचा असेल तर दुसराही मागावा लागेल.