खानदेशचं चित्रदफ्तर

मणिबेली आज नंदुरबार जिल्ह्यात मोडते. पण ती बुडायला लागली तेव्हा ती धुळे जिल्ह्यात होती. 1 जुलै 1998 ला जिल्ह्याची वाटणी झाली आणि सातपुड्याचा तो सगळा भाग धुळ्याच्या हद्दीतून गेला. सरदार सरोवर धरणामुळे महाराष्ट्रातली 33 गावं बाधित झाली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. नर्मदेच्या काठावरची मणिबेली त्यांत पहिली. जून 1992 मध्ये जागतिक बँकेनंच नेमलेल्या मोर्स समितीनं बँकेला प्रकल्पातून मागे पाऊल घ्यायला सांगितलं, मार्च 1993 मध्ये उरलेलं कर्ज भारतानं सोडून दिलं, आणि 1994 साली जगभरच्या तीनशेहून अधिक संघटनांनी बँकेपुढे जो जाहीरनामा ठेवला, त्याला नाव दिलं मणिबेलीचं. मोटाररस्ताही धड नसलेल्या एका पाड्याचं नाव वॉशिंग्टनपर्यंत पोचलं. ते पोचवण्यात माणसांच्या चिवट लढ्याचा वाटा मोठा, पण कॅमेऱ्याचाही होता.

आनंद पटवर्धन आणि सीमंतिनी धुरू यांचा 'अ नर्मदा डायरी' 1995 चा. त्याच्या आदल्याच वर्षी अली काझिमी यांचा 'नर्मदा: अ व्हॅली रायझेस' आला होता. 2002 मध्ये संजय काक यांचा 'वर्ड्स ऑन वॉटर' आणि फ्रॅनी आर्मस्ट्राँग यांचा 'ड्राऊन्ड आउट' आले. दहा वर्षांच्या आत एकाच खोऱ्यावर चार महत्त्वाचे माहितीपट निघावेत, असं भाग्य म्हणा की दुर्दैव म्हणा, महाराष्ट्रातल्या फार थोड्या प्रदेशांच्या वाट्याला आलं. 'नर्मदा डायरी'त नर्मदाकाठच्या डोमखेडी गावाची होळी आहे. सातपुड्यातली होळी ज्यानं पाहिली आहे त्याला वेगळं सांगायला नको: अंगावर राखेचे ठिपके, कमरेला भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर उंच टोप, आणि रात्रभर न थांबणारा ढोल. काठी गावच्या राजवाडी होळीला आज बाहेरगावचे लोक गाड्या करून जातात. पण ज्या काठावर धरणाचं पाणी चढत होतं त्या काठावरचा हा नाच, तोही पुढच्या होळीला गाव जागेवर असेल की नाही हे ठाऊक नसताना केलेला, चित्रफितीत राहिला. नोव्हेंबर 1993 मध्ये धरणासाठीच्या सर्वेक्षणाला विरोध होत असताना पोलीस गोळीबारात रहमल वसावे हा आदिवासी मुलगा मारला गेला. त्या काळचा धुळे जिल्हा काय सोसत होता हे आज विशीतल्या पोराला कळायचं, तर या चित्रफितींसारखा दुसरा पुरावा नाही.

आणि तरी यांतला एकही माहितीपट धुळ्यात किंवा जळगावात रीतसर तिकीट लावून, पोस्टर चिकटवून, तीन खेळांनी लागला नाही. तो महोत्सवांत गेला, पुरस्कारांना गेला, पुण्या-मुंबईच्या सभागृहांत गेला, परदेशी विद्यापीठांत गेला. कार्यकर्त्यांनी कॅसेट पिशवीत घालून नेली आणि जमेल तिथे दाखवली, हा त्यांचा मोठेपणा. पण प्रदेश म्हणून आपण त्याला पडदा दिला नाही. आज नवे माहितीपट येतात तेव्हाही हेच घडतं, आणि ते बदललं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

खरं तर या देशात सिनेमाची सुरुवातच माहितीपटानं झाली, आणि ती एका मराठी माणसानं केली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी लंडनहून कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये लावलेली एक कुस्ती टिपली. 1901 च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तो स्वागतसोहळाही त्यांनी टिपला. त्याला भारतातलं पहिलं वृत्तचित्र म्हणतात. फाळक्यांनीसुद्धा 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, 1912 मध्ये, कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून दाखवली होती. देवदेवता मागाहून पडद्यावर आल्या. आधी आले पैलवान, पदवी घेऊन आलेला तरुण आणि वाटाण्याचा कोंब.

मग सरकार या धंद्यात उतरलं. दुसऱ्या महायुद्धात, 1943 साली, प्रत्येक थिएटरला सरकारमान्य चित्रफीत दाखवणं बंधनकारक झालं. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली आणि ती अट पुन्हा लागू झाली. मुख्य चित्रपटाआधी न्यूजरील किंवा माहितीपट लावायचा, आणि त्याचं भाडंही थिएटरवाल्यानं आपल्या गल्ल्यातून द्यायचं, एक टक्क्यापर्यंत. पन्नाशीच्या पुढच्या कुणाही खानदेशी माणसाला 'फिल्म्स डिव्हिजन की भेंट' ही अक्षरं आठवतील. कुणी तेवढ्या वेळात बाहेर जाऊन चहा पिऊन यायचं. पण बसून राहणारेही खूप होते. भाक्राचं धरण, नागालँडचे नाच, पूर, निवडणूक, लसीकरण हे सगळं खानदेशातल्या कापूसवाल्या आणि केळीवाल्या शेतकऱ्यानं आधी तिथे पाहिलं. ती सरकारची बाजू होती, धरणांची तर स्तुतीच होती. विस्थापितांचा आवाज त्या दहा मिनिटांत बसत नव्हता. गुजरातेतलं उकाई धरण 1972 मध्ये पूर्ण झालं, त्याचा फुगवटा आपल्या हद्दीत शिरला, लोक उठले. तेव्हा गावकऱ्याच्या किंवा कार्यकर्त्याच्या हातात स्वस्त व्हिडिओ कॅमेरा नव्हता. वीस वर्षांनी नर्मदेच्या वेळी तो होता. दोन्ही विस्थापनांच्या आठवणींत आज जो फरक आहे, त्याचं एक कारण हे आहे.

पण त्या सक्तीनं एक गोष्ट सिद्ध केली होती: धुळ्या-जळगावच्या प्रेक्षकासमोर माहितीपट लावता येतो, लाखो लोकांसमोर लावता येतो, आणि थिएटर त्यामुळे बंद पडत नाही. पुढे एकपडदा थिएटरं बंद होत गेली, मल्टिप्लेक्स आली, आणि सरकारी भेटही गेली. माहितीपट महोत्सवांत सरकला. मुंबईचा महोत्सव 1990 पासून आहे. 2004 मध्ये तिथे भारतीय माहितीपटांना सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची अट घातली गेली, तेव्हा दिग्दर्शकांनी शेजारीच 'विकल्प' नावाचा आपला महोत्सव भरवला. त्या भांडणाचं मला अजूनही कौतुक वाटतं. मात्र दोन्ही महोत्सव मुंबईतच होते. भुसावळहून रात्रीच्या गाडीनं जाऊन, पाहुण्यांकडे उतरून, सुट्टी टाकून पाहणारे किती असणार?

चित्रपटानंच लोकांकडे जायचं, ही वाटही आहे. केरळात 1984 मध्ये दिग्दर्शक जॉन अब्राहम आणि त्यांच्या मित्रांनी 'ओडेसा' ही मंडळी उभी केली. लोकांकडून वर्गणी जमवायची, सोळा मिलिमीटरचं प्रोजेक्टर घेऊन गावोगाव फिरायचं, दाखवायचं, वर्गणीतूनच पुढचा चित्रपट काढायचा. आपल्याकडे तर तंबूतल्या सिनेमाची जुनी परंपरा आहे. जत्रेमागून जत्रा करणाऱ्या महाराष्ट्रातल्या टुरिंग टॉकीजवरच शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' केला, आणि तो 2016 मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला. म्हणजे आमच्या जत्रेतला तंबू कानच्या पडद्यावर पोचला.

मालेगावचा दाखला सगळ्यांत जवळचा. जिल्हा नाशिक, पण धुळ्याहून पन्नासेक किलोमीटर, आणि बाजार, सोयरीक, बोलणं खानदेशाशी जोडलेलं. यंत्रमागांच्या त्या गावात शुक्रवार सुट्टीचा, आणि शुक्रवार सिनेमाचा. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 'मालेगाव के शोले' काढला. फैजा अहमद खान यांनी 2008 मध्ये 'सुपरमेन ऑफ मालेगाव' केला, त्यात नासिरभाईंचा पुढचा चित्रपट घडताना दिसतो. सायकलवर बसून चालता कॅमेरा, क्रेनऐवजी बैलगाडी, हिरव्या कापडापुढे दांड्याला आडवा लटकलेला सुपरमॅन. तो सुपरमॅन म्हणजे शफिक शेख, यंत्रमागावर काम करणारा सडपातळ माणूस. कॅमेरा पाण्यात पडतो तो प्रसंग पाहताना आपल्याच घरातली वस्तू पडल्यासारखं वाटतं. फरोग जाफरी यांच्यासारखा लेखक मुंबईबद्दल बोलतो, तेव्हा छोट्या गावातल्या प्रत्येक कलावंताचं दुखणं बोलतो. हा माहितीपट महोत्सवांत खूप फिरला आणि चार वर्षांनी, 29 जून 2012 ला, मोठ्या शहरांतल्या मोजक्या मल्टिप्लेक्समध्ये लागला. तोवर शफिक शेख कर्करोगानं गेले होते. पुढे त्याच कहाणीवर 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा मोठा हिंदी चित्रपट आला, 2025 मध्ये थिएटरांत लागला, आणि मूळ माहितीपट पुन्हा लोकांच्या तोंडी आला. कहाणी नटांनी वठवली की सर्वत्र पोचते. ती जगलेली माणसं ज्यात आहेत तो माहितीपट मात्र शोधून पाहावा लागतो.

याच पट्ट्यात व्हीसीडीचा धंदा फोफावला. खानदेशी विनोदाच्या, अहिराणी गाण्यांच्या, लग्नाच्या, तमाशाच्या चकत्या बस स्टँडवर, आठवडे बाजारात, मोबाइलच्या दुकानांत विकल्या गेल्या. आज तीच माणसं यूट्यूबवर आहेत. पण त्या चकत्यांचं काय झालं? एक चकती उजेडाकडे धरून पाहा. कडेला तांबूस झाक आलेली असते, चंदेरी थराला टाचणीनं टोचल्यासारखी बारीक भोकं पडलेली असतात, त्यांतून उजेड आरपार दिसतो. तेवढी माहिती गेली, ती परत येत नाही. कॅसेटची गत वेगळी नाही. भुसावळ-जळगावचा मे महिना पंचेचाळीसच्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत फितीचे पदर एकमेकांना चिकटतात, आणि ओढून लावली की लेप सुटून येतो. चित्रपटांच्या बाबतीत देशानं हे एकदा भोगलं आहे. सुमारे 1300 मूकपटांपैकी तीसेकच आज शिल्लक आहेत. बाकीचे जळाले, कुजले, किंवा चांदी काढण्यासाठी विकले गेले. पुण्यात 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं, म्हणून पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाला उरलंसुरलं तरी गोळा करता आलं. फिल्म्स डिव्हिजनही 2022 मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तिचे आठ हजारांहून अधिक माहितीपट आता त्या छपराखाली आहेत. त्यांत खानदेश किती आहे, हे हुडकून त्याची सूची करणं हे खानदेशी माणसाचंच काम आहे, मुंबईतला कारकून ते करणार नाही.

जपणूक धुळ्याला शिकवायची गरज नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करत माळ्यावरची, कोनाड्यातली, वाण्याच्या दुकानात पुड्यांना निघालेली कागदपत्रं गोळा करत राहिले, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड काढत राहिले, आणि 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यातच गेले. त्यांच्या दफ्तरासाठी 1927 च्या जानेवारीत लोकांनी राजवाडे संशोधन मंडळ उभारलं. ते शिक्षक, वकील, व्यापारी अशा गावातल्याच माणसांनी उभारलं, सरकारच्या आदेशाची वाट पाहिली नाही. जळगावला 2012 पासून जैन हिल्सवर गांधी तीर्थ आहे. गांधीजींचे कागद, छायाचित्रं सांभाळण्याची तिथली शिस्त खानदेशात असल्या कामाला जागा, पैसा आणि माणसं मिळतात हे दाखवून देते. 

2027 च्या जानेवारीत राजवाडे मंडळाला शंभर वर्षं होतील. त्या निमित्तानं धुळ्यात चित्रफितींचं एक दफ्तर सुरू व्हावं: खानदेशात चित्रित झालेल्या प्रत्येक माहितीपटाची एक प्रत, दिग्दर्शकाच्या लेखी परवानगीनं, आणि घरोघरच्या कॅसेटी-चकत्यांची डिजिटल नक्कल. मूळ वस्तू मालकाकडेच राहू द्यावी, नक्कल मंडळाकडे. एक जपून ठेवलेला व्हीसीआर, दोन चांगले संगणक, एकाच वेळी दोन ठिकाणी ठेवलेल्या हार्ड डिस्क आणि दर पाच वर्षांनी त्या बदलणं, एवढ्यावर सुरुवात होते. जळगावच्या विद्यापीठातल्या मुलांना सूचीचं काम देता येईल. आणि धुळे-जळगावच्या मल्टिप्लेक्सवाल्यांनी महिन्यातून एका मंगळवारी, सकाळच्या रिकाम्या खेळाला, एक माहितीपट लावावा. सकाळच्या खेळाला बऱ्याचदा निम्म्याहून अधिक खुर्च्या मोकळ्याच असतात.

पहिला खेळ 'नर्मदा डायरी'चा लावावा, आणि तो पाहायला डोमखेडी-मणिबेलीहून उठवलेल्या, आता अक्कलकुवा-तळोद्याच्या वसाहतींत राहणाऱ्या लोकांना आधी बोलावणं जावं. एसटीचं भाडं आयोजकांनी द्यावं. त्यांतल्या कितीजणांनी ती होळी नाचली होती, आणि पडद्यावर कोण कोण आहे, हे त्यांच्याकडूनच विचारून नोंदवून घ्यावं लागेल, कारण त्याशिवाय सूचीत ती नावं येणार नाहीत.